टॅलिनला किमान दोन रात्री राहा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

आपल्याकडून जाणारे बहुतेक पर्यटक एस्टोनियाची राजधानी टॅलिन एका दिवसात उरकतात. सकाळी फिनलंडमधल्या हेलसिंकीहून बोट, दुपारी चौकात फोटो, संध्याकाळी परत. त्यात एक मोठी गफलत होते. क्रूझची जहाजं आणि हेलसिंकीच्या बोटी साधारण एकाच वेळी माणसं उतरवतात, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी दहा ते संध्याकाळी पाचपर्यंत जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांत छत्री उंचावलेल्या गाइडमागे चालण्याखेरीज काही करता येत नाही. हे शहर खरं दिसतं ते सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर. म्हणून दोन रात्री मुक्काम हवाच, तीन मिळाल्या तर उत्तम. पुढचं सगळं नियोजन हे धरूनच सांगितलं आहे.

केव्हा जायचं

टॅलिन सुमारे ५९.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून आधी उजेडाचा हिशेब करायचा आणि मग तापमानाचा. जूनच्या मध्यावर सूर्य पहाटे चारच्या सुमारास उगवतो आणि रात्री साडेदहानंतर मावळतो. डिसेंबरच्या मध्यावर सव्वानऊला उगवून साडेतीनच्या आत मावळतो. म्हणजे सहा तासांचा दिवस, तोही बहुतेक ढगाळ. मे अखेर ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा हा पहिल्या भेटीसाठी सोयीचा काळ. जुलैत दुपारी २० ते २२ अंश असतं, पण समुद्रावरून वारा सुटला की विंडचीटर लागतोच.

जूनमध्ये तारखा ठरवताना २३ आणि २४ जूनकडे लक्ष द्या. २३ जून विजय दिन आणि २४ जून यानिपेव, म्हणजे संत जॉनचा दिवस. या दोन दिवसांत निम्मं शहर गावाकडे शेकोटी पेटवायला गेलेलं असतं. दुकानं आणि संग्रहालयं बंद किंवा लवकर मिटणारी. नेमकी हीच सुट्टी गाठून जाणाऱ्याला रिकामं शहर मिळतं.

डिसेंबरचा नाताळबाजार सुंदर असतो. चौकाच्या मध्यभागी झाड उभारण्याची परंपरा टॅलिन १४४१ सालापर्यंत मागे नेतं, त्यावरून लात्वियाच्या रिगाशी मानाचा वादही आहे. बाजारासाठी जात असाल तर संग्रहालयं दुपारी साडेतीननंतर पाहा आणि उजेडाचे तास बाहेर फिरण्यात घालवा. उलट केलंत तर शहर फक्त अंधारात दिसेल.

व्हिसा: रात्री मोजा, मग अर्ज कुठे करायचा ते ठरवा

एस्टोनिया २००७च्या डिसेंबरपासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि २०११पासून तिथे युरो चालतो. भारतीय पासपोर्टला शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

नियम असा: ज्या देशात तुमच्या रात्री जास्त, त्या देशाकडे अर्ज. रात्री समसमान असतील तर ज्या देशात प्रथम पाऊल ठेवणार त्याच्याकडे. हेलसिंकीत २ आणि टॅलिनमध्ये ४ रात्री असतील तर विमान हेलसिंकीला उतरत असलं तरी अर्ज एस्टोनियाकडे. दोन्हीकडे तीन-तीन रात्री आणि उतरणं हेलसिंकीला, तर अर्ज फिनलंडकडे. रिगा, लिथुआनियाचं व्हिल्निअसही जोडणार असाल तर कागदावर एक साधा तक्ता करा, तारीख, शहर, रात्र, आणि बेरीज करून मगच केंद्र निवडा. ज्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते त्याच्याकडे अर्ज करून नंतर भलतीकडेच राहणं महागात पडू शकतं. सीमेवर हॉटेलची बुकिंग विचारतात.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निकालाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५पर्यंत ताणू शकतात. प्रौढांचं शुल्क ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांचं ४५, त्याहून लहानांना माफ. केंद्राचा सेवाआकार वेगळा. एप्रिल ते जून अपॉइंटमेंटची मारामारी असते, त्यामुळे जुलैत जायचं असेल तर मार्चमध्येच हात घाला.

कागदपत्रांत तीन गोष्टी हमखास अडतात. एक, पासपोर्ट: शेंगेन सोडण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध, गेल्या १० वर्षांत काढलेला आणि दोन पानं कोरी असावीत. दोन, प्रवासविमा: किमान ३०,००० युरोंचा, सर्व शेंगेन देशांत चालणारा आणि मुक्कामाचा प्रत्येक दिवस झाकणारा. मुंबईहून मध्यरात्री निघणाऱ्या विमानामुळे तारखा एका दिवसाने सरकतात आणि विमा एक दिवस कमी पडतो. तिकीट, विमा, हॉटेल आणि कव्हर लेटर या चारही ठिकाणच्या तारखा शेजारी ठेवून जुळवून पाहा. तीन, बँकेचं स्टेटमेंट: अर्जाच्या आठवडाभर आधी अचानक जमा झालेली मोठी रक्कम असेल तर ती कुठून आली याचा पुरावा सोबत जोडा.

एस्टोनिया ते लात्विया किंवा फिनलंड हा प्रवास शेंगेनच्या आतलाच, त्यासाठी एकाहून अधिक प्रवेशाचा व्हिसा लागत नाही. मधेच लंडनला जाऊन परत येणार असाल तर मात्र लागतो.

पोहोचणं

भारतातून टॅलिनला थेट विमान नाही. युरोपातल्या किंवा आखातातल्या एखाद्या शहरातून, नाहीतर इस्तंबूलहून जोडून जावं लागतं. इमिग्रेशन पहिल्या शेंगेन विमानतळावर होतं, टॅलिनला नव्हे. तुमचं विमान फ्रँकफुर्टला बदलत असेल तर रांग फ्रँकफुर्टला लागेल. ऑक्टोबर २०२५पासून बाहेरच्या देशांतल्या प्रवाशांचे बोटांचे ठसे आणि चेहरा सीमेवर नोंदवण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे पहिल्या वेळी जास्त वेळ लागतो. दोन विमानांत अडीच-तीन तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका.

टॅलिनचा विमानतळ शहराला चिकटून आहे, जुन्या गावापासून जेमतेम चार-पाच किलोमीटर. रेल बाल्टिका या नव्या रेल्वेचं स्थानक विमानतळाजवळ बांधलं जात असल्यामुळे त्या बाजूच्या ट्राम-बसचे मार्ग बदलत राहतात. जायच्या आदल्या दिवशी नकाशावर ताजा मार्ग बघा. रात्री उशिरा उतरलात तर बोल्ट अॅपवरून गाडी मागवा. बोल्ट ही टॅलिनचीच कंपनी, २०१३ साली इथे सुरू झालेली.

हेलसिंकीहून बोटीने येत असाल तर सुमारे दोन ते अडीच तास लागतात. बंदरातून जुन्या गावापर्यंत पायी पंधरा-वीस मिनिटं. शेंगेनच्या आतला प्रवास असला तरी पासपोर्ट हाताशी ठेवा.

घड्याळ उन्हाळ्यात आपल्या अडीच तास मागे, हिवाळ्यात साडेतीन तास.

कुठे राहायचं आणि काय घालायचं

जुन्या शहराच्या तटबंदीत राहण्याचं सुख मोठं आहे, पण खोली ठरवण्याआधी दोन प्रश्न विचारा: लिफ्ट आहे का, आणि गाडी दारापर्यंत येते का. इथली बरीच हॉटेलं मध्ययुगीन व्यापाऱ्यांच्या घरांत आहेत. जिने उभे, वळणाचे आणि अरुंद, आणि गाड्यांना अनेक गल्ल्यांत मज्जाव. दगडगोट्यांच्या रस्त्यावर छोट्या चाकांची बॅग चालत नाही, फटीत चाक अडकून दांडा तरी मोडतो नाहीतर चाक तरी. आई-वडील सोबत असतील तर बंदर आणि जुनं शहर यांच्यामधला रोटरमान भाग निवडा. तिथे रस्ते सपाट आहेत, इमारती नव्या आहेत आणि वेशीपर्यंत पाच-सात मिनिटं लागतात. सुउर-कार्या या गल्लीत मात्र शुक्रवार-शनिवारची खोली घेऊ नका, ती बारची गल्ली आहे आणि पहाटेपर्यंत जागी असते.

बूट जाड, लवचीक तळव्याचे हवेत. पातळ तळव्याच्या बुटांत दगडांचे उंचवटे दुसऱ्या दिवशी पोटऱ्यांत बोलतात. हिवाळ्यात रबरी, खोल खाचांचा तळवा लागतो. मार्चमध्ये दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि छपरांवरून बर्फाच्या सुळ्या पडतात. फुटपाथवर पट्टी ताणून रस्ता अडवला असेल तर ती ओलांडून जाऊ नका, वर बघा.

अंधाऱ्या महिन्यांत जाणाऱ्यांनी आणखी एक वस्तू पहिल्याच दिवशी घ्यायची: हेल्कुर. तळहातात मावणारा, प्लास्टिकचा, प्रकाश परावर्तित करणारा तुकडा. फूल, मासा, हृदय अशा आकारांत मिळतो. एका टोकाला दोरा, दोऱ्याला सेफ्टीपिन. पिन कोटाच्या खिशात आतून लावायची आणि तुकडा गुडघ्याच्या उंचीवर लोंबता सोडायचा, कारण गाडीचे दिवे तिथे पडतात. रस्त्याकडची बाजू म्हणून सहसा उजवी. अंधारात चालणाऱ्याने हे लावणं एस्टोनियात कायद्याने बंधनकारक आहे. सुपरमार्केटात, किऑस्कवर एक-दोन युरोंत मिळतो आणि घरी नेण्यासाठी याहून छान आणि हलकी आठवण नाही.

पहिला पूर्ण दिवस: वरून खाली

टॅलिन मुळात दोन शहरं आहेत. टोम्पेआ टेकडीवर सत्ताधारी आणि सरदार, खाली व्यापारी आणि कारागीर. डेन्मार्कच्या लोकांनी १२१९ साली टेकडी घेतली. खालच्या गावाने १२४८ साली ल्युबेक या जर्मन शहराचा कायदा स्वीकारला आणि ते हान्सा या उत्तर युरोपातल्या व्यापारी संघाच्या जाळ्यात वाढलं. वरच्यांचं आणि खालच्यांचं फारसं पटत नसे, मध्ये भिंत आणि रात्री बंद होणारं फाटक होतं. हे डोक्यात ठेवून फिरलं की गल्ल्यांची रचना आपोआप उलगडते.

सुरुवात वरून करा. पिक्क हेर्मान या बुरुजावर रोज सूर्योदयाला, पण सकाळी सातच्या आधी नाही, राष्ट्रगीताच्या सुरात निळा-काळा-पांढरा ध्वज चढतो. उन्हाळ्यात म्हणजे बरोबर सातला. पावणेसातला बुरुजाखालच्या राज्यपालांच्या बागेत उभे राहा. १९४० ते १९८०च्या दशकाच्या अखेरपर्यंत सोव्हिएत आणि काही काळ जर्मन अमलात, मधले मोजके दिवस सोडले तर, हा ध्वज इथे नव्हता. तो परत चढला फेब्रुवारी १९८९मध्ये, स्वातंत्र्य परत मिळालं २० ऑगस्ट १९९१ला. त्याच १९८९च्या २३ ऑगस्टला टॅलिन, रिगा, व्हिल्निअस या तीन राजधान्यांना जोडणारी हजारो-लाखो माणसांची साखळी याच बुरुजाच्या पायथ्यापासून सुरू झाली होती. त्या सकाळच्या पाच मिनिटांत या देशाबद्दल जे कळतं ते दुसरीकडे कुठे कळत नाही.

तिथून पात्कुली आणि कोह्तुओत्सा हे दोन सज्जे. पात्कुलीवरून तटाचे लाल टोपीचे बुरुज आणि मागे समुद्र, कोह्तुओत्सावरून खालच्या गावाची छपरं. आठच्या आत गेलात तर सज्जा तुमचा एकट्याचा. दहानंतर फोटोसाठी रांग. अलेक्झांडर नेव्हस्कीचं कांद्याच्या घुमटांचं चर्च १९०० साली पूर्ण झालं. आत फोटो काढू नका. जवळचं टोमकिरिक हे चर्च आतून पाहण्यासारखं आहे, भिंती सरदार घराण्यांच्या लाकडी कोरीव ढालींनी भरलेल्या आहेत. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा पर्यटकांनी जायचं नाही.

खाली उतरायला दोन वाटा: पिक्क यल्ग म्हणजे लांब पाय आणि ल्युहिके यल्ग म्हणजे आखूड पाय. गुडघे दुखत असतील तर लांब पाय, तिथे उतार आहे. आखूड पायाला पायऱ्या आहेत.

खाली चौकात, राएकोया प्लात्सवर, गोथिक नगरसदन १४०४ साली पूर्ण झालेलं. कोपऱ्यातल्या औषधाच्या दुकानाची नोंद १४२२पासून सापडते. चौकातल्या हॉटेलांत कॉफीपुरतंच बसा, जेवण दोन गल्ल्या सोडून स्वस्त आणि बरं मिळतं.

चौकापासून मिनिटाच्या अंतरावर प्युहावाइमु चर्च आहे. त्याच्या पांढऱ्या भिंतीवर रस्त्याकडे तोंड करून १६८४चं लाकडी घड्याळ आहे, ख्रिस्तियान आकरमानने कोरलेलं. मध्ये सोनेरी किरणांचा सूर्यचेहरा, भोवती निळी तबकडी आणि चार कोपऱ्यांत बायबलमधले चार सुवार्तालेखक. लोक ते बघतात आणि पुढे जातात. आत मात्र बेर्न्ट नोट्के या कलाकाराची १४८३ची वेदी आहे, घडीच्या पंखांची. छोटंसं तिकीट काढून आत जाच.

नोट्केचंच दुसरं काम निगुलिस्ते या चर्चमध्ये आहे, आणि टॅलिनमध्ये एकच तिकीट काढायचं असेल तर ते इथलं काढा. 'मृत्यूचं नृत्य' या चित्राचा साडेसात मीटरांचा तुकडा इथे टिकला आहे. कफन गुंडाळलेला सांगाडा पोप, सम्राट, सम्राज्ञी, कार्डिनल, राजा यांचे हात धरून नाचतो आहे, आणि त्या सर्वांच्या चेहऱ्यांवर निघायची तयारी नसल्याचा भाव आहे. ९ मार्च १९४४च्या सोव्हिएत बाँबहल्ल्यात चर्च जळालं. चित्र आधीच हलवलेलं असल्यामुळे वाचलं. आता तिथे संग्रहालय आहे आणि मनोऱ्यात लिफ्टही.

ओलेविस्ते या दुसऱ्या चर्चच्या मनोऱ्याला लिफ्ट नाही. दोनशेहून अधिक पायऱ्या, एकाच जिन्यातून चढणारे आणि उतरणारे, हाताला दोर. ज्यांना बंद जागेची भीती वाटते त्यांनी निगुलिस्तेच निवडावं. ओलेविस्तेचा मनोरा थंडीत बंद असतो.

तिकिटं, बंद दिवस आणि दारावरची अक्षरं

बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, विशेषतः हिवाळ्यात. दारावरच्या पाटीवर वार आद्याक्षरांनी लिहितात आणि ती इंग्रजी समजून वाचली की घोटाळा होतो. ई म्हणजे सोमवार, टी मंगळवार, के बुधवार, एन गुरुवार, आर शुक्रवार, एल शनिवार, पी रविवार. 'सुलेतुद' म्हणजे बंद, 'आवातुद' म्हणजे उघडं. 'ई सुलेतुद' दिसलं तर सोमवारी जाऊ नका.

टॅलिन कार्ड २४, ४८ आणि ७२ तासांचं मिळतं, त्यात संग्रहालयं आणि शहरातली बस-ट्राम येते. ते तास मोजतं, तारखा नव्हे. दुपारी दोनला सुरू केलेलं २४ तासांचं कार्ड दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत चालतं, म्हणजे दोन दुपारी अर्ध्या-अर्ध्या साधता येतात. दिवसाला तीन महाग संग्रहालयं होणार असतील तरच ते परवडतं. फक्त गल्ल्या आणि चर्च पाहणाऱ्याने घेऊ नये.

बस-ट्राममध्ये स्थानिक रहिवाशांना २०१३पासून प्रवास मोफत आहे. पाहुण्यांना नाही, आणि तपासनीस दंड करतात. पुढच्या दाराने चढून नारिंगी यंत्राला स्पर्शाचं कार्ड टेकवा, तासाभराचं तिकीट कापलं जातं. प्रत्येकाचं वेगळं कार्ड लागेल असं धरून चाला. रुपे कार्डावर विसंबू नका, व्हिसा किंवा मास्टरकार्डाचं युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड न्या. रोख ५० युरो खिशात पुरतात.

दुसरा आणि तिसरा दिवस

सकाळी बाल्टी याम या रेल्वे स्थानकाजवळचा बाजार. तिथून तेल्लिस्किवीच्या जुन्या कारखान्यांतून चालत कालामायाच्या लाकडी घरांच्या वस्तीतून समुद्राकडे जा. शेवटी लेन्नुसादाम. पहिल्या महायुद्धाच्या काळात समुद्री विमानांसाठी बांधलेल्या पातळ काँक्रीटच्या घुमटांखाली आता सागरी संग्रहालय आहे आणि त्यात १९३६ साली इंग्लंडमध्ये बांधलेली लेम्बित ही पाणबुडी. तिच्या आत शिरता येतं, डोकं सांभाळून. मुलं सोबत असतील तर तीन तास धरा.

दुसऱ्या बाजूला काद्रिओर्ग: रशियाच्या झार पीटर पहिल्याने १७१८मध्ये बांधायला घेतलेला राजवाडा, बाग, आणि बागेच्या टोकाला २००६मध्ये उघडलेलं कुमु हे कलासंग्रहालय. राजवाडा तासाभरात होतो, कुमुला दोन तास द्या.

सोव्हिएत काळ समजून घ्यायचा असेल तर हॉटेल विरूच्या २३व्या मजल्यावरचं केजीबीचं, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर खात्याचं संग्रहालय. १९७२ला उघडलेल्या या हॉटेलात परदेशी पाहुण्यांवर कान ठेवले जात. तिथे फक्त गाइडसोबत जाता येतं, भाषेनुसार वेळा ठरलेल्या असतात. आयत्या वेळी जागा मिळत नाही, आठवडाभर आधी आरक्षण करा.

शाकाहाऱ्यांसाठी

शहरात शाकाहारी आणि व्हीगन जेवण सहज मिळतं. घोटाळा होतो तो पारंपरिक पदार्थांत. मशरूमचं सूप मांसाच्या रश्श्यात केलेलं असू शकतं, मुल्गिपुदेर या बटाटा-बार्लीच्या लगद्यावर बहुधा बेकन असतं, आणि काळपट वेरिवोर्स्त म्हणजे रक्ताचं सॉसेज. तीन शब्द मराठी माणसाला विसरताच येणार नाहीत: 'लिहा' म्हणजे मांस, 'काला' म्हणजे मासा (दोन्ही आ आखूड), आणि 'मुना' म्हणजे अंडं. वाक्य असं: 'मा एइ स्यो लिहा एगा काला', मी मांस आणि मासे खात नाही. रस्सा कशाचा आहे हे वेगळं विचारा, कारण 'मांस नाही' असं म्हणताना स्वयंपाकी रस्सा धरत नाही.

काळा राय ब्रेड, 'लेइब', आंबटगोड आणि चिवट असतो, लोण्यासोबत खा. 'कामा' नक्की चाखा: भाजलेल्या राय, ओट, बार्ली आणि वाटाण्याचं पीठ, ताकासारख्या केफिरमध्ये कालवलेलं. सातूचं पीठ खाल्लेल्याला ती चव ओळखीची वाटेल. सुपरमार्केटात अर्धा किलोची पिशवी मिळते, बॅगेत छान टिकते. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या घेऊ नका.

परतताना

बंदरात ए आणि डी अशी दोन टर्मिनलं आहेत आणि ती एकमेकांना लागून नाहीत, चालत दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. तिकिटावर अक्षर बघूनच निघा, टॅक्सीवाल्याला नुसतं 'बंदर' सांगू नका. बोटीची चेक-इन सुटण्याच्या बरीच आधी बंद होते, त्यामुळे तासभर आधी टर्मिनलवर असा. रिगाला बसने जाणार असाल तर साडेचार तास धरा. बसस्थानक, बुस्सियाम, जुन्या शहरात नाही, दोनेक किलोमीटर बाहेर आहे, आणि बॅग घेऊन दगडगोट्यांवरून तिथवर चालत जाण्यापेक्षा वेशीपाशी येऊन ट्राम पकडा.